ऑर्का म्हणजे शार्क नव्हे, हे लेकीला नीट कसं समजावू?

खाडीकाठची_आई (ऐरोली)

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीत मुलांची चित्रकला स्पर्धा झाली. विषय होता 'समुद्र'. बहुतेक मुलांनी होडी, सूर्यास्त, नारळाची झाडं काढली. माझ्या तिसरीतल्या लेकीने ऑर्का काढला, म्हणजे ज्याला किलर व्हेल म्हणतात तो. काळी पाठ, पांढरं पोट, डोळ्यामागे पांढरा पट्टा, पाठीवर उंच सरळ पर, डोक्यातून उडणारा फवारा आणि कुशीला चिकटून पोहणारं पिल्लू. महिनाभर ती त्याच एका प्राण्याची पुस्तकं आणि व्हिडिओ बघते आहे.

परीक्षक म्हणून आलेले आजोबा फार प्रेमळ आहेत, प्रत्येक मुलाशी खाली बसून बोलत होते. त्यांनी तिचं चित्र हातात घेतलं आणि म्हणाले, "बाळा, शार्क सुरेख काढलास. फक्त तीन चुका झाल्यात. शार्कची शेपटी उभी असते, तू आडवी काढलीस. शार्कच्या डोक्यातून पाणी उडत नाही. आणि शार्कचं पिल्लू आईबरोबर कधीच नसतं."

ती हळूच म्हणाली, "हा शार्क नाहीये." पण तोवर पुढच्या मुलाचा नंबर आला होता. रात्री धड जेवली नाही. झोपताना विचारलं, "आई, त्यांनी ज्या चुका सांगितल्या, त्याच तर खऱ्या गोष्टी होत्या ना?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. मी कॉमर्सवाली, बँकेत नोकरी. दोघांत फरक आहे एवढं ठाऊक, पण असा का, ते नाही सांगता येत. ती उत्तराची वाट बघते आहे आणि मला तिला काहीतरी थातुरमातुर सांगून गप्प करायचं नाही. इथे जाणकार आहेत. कृपया समजावून सांगा, सविस्तर लिहिलंत तरी चालेल.

---

घोडबंदर_रोड

ताई, आधी लेकीला सांगा की तिची एकही चूक नाही. ऑर्का हा डॉल्फिनच्या कुळातला प्राणी, त्या कुळातला सगळ्यात मोठा. डॉल्फिन हेही दात असलेल्या व्हेलच्याच मोठ्या गटातले. आणि शार्क हा मासा.

---

निवृत्त_प्राणिशास्त्र (नौपाडा, ठाणे)

खाडीकाठची_आई, तुमच्या लेकीने विचारलेला प्रश्न मी तीस वर्षं वर्गात विचारत आलो, उलट बाजूने. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेपटीपासून सुरुवात करा, कारण तिथेच सगळा इतिहास आहे. पाल भिंतीवरून पळताना बघा, तिचं अंग डावी-उजवीकडे वळतं. माशाचंही तसंच. म्हणून माशाची शेपटी उभी, सुकाणूसारखी, आणि ती बाजूंना हलते. आता घोडा किंवा मांजर जोरात धावताना आठवा. पाठीचा कणा वर-खाली वाकतो. ऑर्काचे पूर्वज चार पायांवर जमिनीवर चालणारे सस्तन प्राणी होते. ते पाण्यात गेले, मागचे पाय गेले, अंगावरचे केस गेले, पण कण्याची ती वर-खाली वाकायची सवय राहिली. म्हणून ऑर्काची शेपटी आडवी आणि तो तिने पाणी खाली-वर ढकलतो. म्हणजे तुमच्या लेकीने आडवी शेपटी काढली तेव्हा तिने पाच कोटी वर्षांपूर्वीचं धावणं काढलं.

हे पूर्वज कुठले, तर आपल्याच उपखंडातले. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागात सापडलेल्या खडकांमधून इंडोह्यस नावाच्या मांजराएवढ्या, खुरं असलेल्या प्राण्याची हाडं मिळाली आणि २००७ साली त्यावरचा शोधनिबंध आला. त्याच्या कानाच्या हाडाची ठेवण व्हेलच्या कानासारखी आहे. पाकिस्तानात पाकिसेटस सापडला, कच्छमध्ये कच्छिसेटस. व्हेल आणि डॉल्फिन यांचा आज जिवंत असलेला सगळ्यात जवळचा नातेवाईक पाणघोडा आहे.

शार्कचा रस्ता अगदी वेगळा. तो कधी जमिनीवर आलाच नाही. चाळीस कोटी वर्षांहून जास्त काळ तो समुद्रात आहे, डायनासोर यायच्या कितीतरी आधीपासून. त्याच्या अंगात एकही खरं हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा. आपल्या कानाची पाळी दाबून बघा, तिच्या वर जे लवचिक लागतं, ती कूर्चा. ऑर्काला मात्र आपल्यासारखी हाडं, आणि पुढच्या परात पाच बोटांचा सांगाडा असतो. एक्स-रे काढला तर हातमोज्यात लपलेला हात दिसावा तसा.

आता फवारा. शार्क पाण्यातला प्राणवायू कल्ल्यांतून घेतो. ऑर्काला कल्ले नाहीत, फुप्फुसं आहेत, आणि त्याचं नाक डोक्याच्या माथ्यावर सरकलंय. पृष्ठभागावर आला की जोरात उच्छ्वास टाकतो. तो फवारा म्हणजे पोटातलं पाणी नव्हे, उच्छ्वासातली वाफ आणि नाकपुडीवरचं थोडं पाणी. थंडीत माथेरानला आपल्या तोंडातून वाफ निघते, तीच गोष्ट. ऑर्काला श्वास आठवणीने घ्यावा लागतो, आपोआप चालत नाही. म्हणून झोपतानासुद्धा मेंदूचा अर्धा भागच झोपतो.

पिल्लाबद्दल इथे दुसरं कुणी माझ्यापेक्षा चांगलं लिहील.

---

पामबीच_धावपटू

सर, अप्रतिम. शाळेत असं कुणी सांगितलं असतं तर मी सायन्स सोडलं नसतं.

एक शंका. सोपी ओळख म्हणून मुलांना असं सांगितलं तर चालेल का, की शार्क अंडी घालतो आणि ऑर्का पिल्लांना जन्म देतो?

---

चेंदणीची_कोळीण (ठाणे)

नाही दादा, तसं सांगू नका. हे मी पुस्तकातून नाही, हाताने बघून सांगते.

शार्कला आमच्या घरी मुशी म्हणतात, मालवणकडे मोरी. सासरे ठाण्याच्या खाडीत होडी घालायचे. आता खाडीत म्हावरं राहिलं नाही, मी पहाटे भाऊच्या धक्क्यावरून आणते आणि विकते. मुशी साफ करताना पोटात पिल्लं निघतात. अंडी नव्हेत, पूर्ण घडलेली पिल्लं, इवलीशी, डोळे-शेपटी सगळं असलेली, आणि प्रत्येकाला नाळ. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा बघितली तर माझा हातच चालेना. सासूबाई म्हणाल्या, मुशी बाईमाणसासारखीच वाढवते पोटात. कानमुशीचंही, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याच्या मुशीचंही तेच.

आमच्यात बाळंतिणीला मुशीचं कालवण देतात, दूध यावं म्हणून. पण मुशी स्वतः पिल्लाला दूध पाजत नाही. जन्मली की तिची ती. मी हे खूपदा मनात घोळवलंय.

आणखी दोन गोष्टी सांगते, ताईंच्या लेकीला उपयोगी पडतील. मुशीच्या पाठीवरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत लागते. उलटा फिरवला तर पॉलिश पेपर. म्हणून कढत पाणी ओतून कातडी खरवडावी लागते. दुसरं, मुशी शिळी झाली की तिला उग्र वास येतो, नवसागरासारखा. बोंबील, सुरमई, पापलेट कशालाच तसला वास येत नाही. म्हणून ती ताजीच घ्यायची आणि पाण्याने खूप धुवायची. हे का होतं ते सर सांगतील.

---

निवृत्त_प्राणिशास्त्र

कोळीणताई, तुम्ही लिहिलंत ते अक्षर अन् अक्षर बरोबर आहे. आपल्या किनाऱ्यावर जी छोटी मुशी सर्वांत जास्त मिळते ती स्कॉलिओडॉन. आमच्या काळी बीएस्सीच्या मुलांना हिचंच विच्छेदन असायचं. तिला खरोखर नाळ आणि वार असते. काही जातींचे शार्क कातडी पिशवीसारख्या कवचात अंडी घालतात, तर काहींची अंडी पोटातच उबतात. त्यामुळे 'अंडी की पिल्लं' हा फरक टिकत नाही. टिकणारा फरक दुधाचा.

पॉलिश पेपर म्हणालात ते खवले म्हणजे बारीक दातच असतात, दाताच्याच घडणीचे, टोकं मागे वळलेली. म्हणून एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने खरखरीत. ऑर्काची कातडी ओल्या रबरासारखी असते आणि तिच्याखाली चरबीचा जाड थर, कारण त्याला अंग गरम ठेवायचं असतं. शार्कचं अंग बहुतेक जातींत पाण्याइतकंच गार असतं. ग्रेट व्हाइटसारखे थोडे शार्क आपले स्नायू पाण्यापेक्षा गरम ठेवू शकतात, पण तोही काही ऑर्कासारखा सबंध उष्ण रक्ताचा नाही.

वासाचं कारण युरिया. समुद्राच्या खारट पाण्यात शरीरातलं पाणी बाहेर खेचलं जाऊ नये म्हणून शार्क आपल्या रक्तात आणि मांसात युरिया साठवून ठेवतो. मेल्यावर जिवाणू त्याचा अमोनिया करतात, तोच तुमचा नवसागरी वास. ऑर्का हे काम आपल्यासारखं मूत्रपिंडावर सोपवतो.

---

पामबीच_धावपटू

चुकीचं सांगणार होतो, वाचलो. धन्यवाद ताई, सर.

माझा मुलगा पाचवीत आहे. त्याचा प्रश्न एकच, दोघांची गाठ पडली तर कोण जिंकेल? तो ग्रेट व्हाइटच्या बाजूने आहे.

---

जहाजी_सीवूड्स

बावीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, आता नेरूळला घरी आहे. हा धागा वाचून राहवलं नाही.

तुमच्या मुलाला सांगा, या सामन्याचा निकाल समुद्रात लागलेला आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या फॅरॅलॉन बेटांजवळ पर्यटकांच्या बोटीसमोर एका ऑर्काने ग्रेट व्हाइट मारला. त्याला उलटा धरला. शार्क पाठीवर उलटा केला की बधिर होतो, हालचाल थांबते, आणि हालचाल थांबली की त्याच्या कल्ल्यांतून पाणी वाहायचं थांबतं. त्यानंतर त्या बेटांभोवतीचे बाकीचे ग्रेट व्हाइट तिथून निघून गेले.

दक्षिण आफ्रिकेत तर दोन नर ऑर्का याच कामासाठी प्रसिद्ध आहेत. एकाचा पाठीवरचा पर डावीकडे कलंडलेला, दुसऱ्याचा उजवीकडे, म्हणून त्यांची नावं पोर्ट आणि स्टारबोर्ड. जहाजावर डाव्या बाजूला पोर्ट म्हणतात आणि उजव्या बाजूला स्टारबोर्ड. २०१७ मध्ये गान्सबाईच्या किनाऱ्यावर ग्रेट व्हाइटची प्रेतं लागली, त्यांतलं यकृत गेलेलं, बाकी अंग जवळजवळ जसंच्या तसं. शार्कला इतर माशांसारखी हवेची पिशवी नसते, तो तेलाने भरलेल्या भल्यामोठ्या यकृतावर तरंगतो. ऑर्काला ते तेलच हवं असतं. २०२३ मध्ये मोसेल बेजवळ एकट्या स्टारबोर्डने एक लहान ग्रेट व्हाइट दोन मिनिटांच्या आत मारला. गान्सबाईला पिंजऱ्यातून शार्क दाखवण्याचा मोठा धंदा होता. शार्कच निघून गेल्यावर त्या लोकांना मोठा फटका बसला.

आकाराचंही आहेच. पूर्ण वाढलेला नर ऑर्का सहा ते आठ मीटर, ग्रेट व्हाइटची मोठी मादी सहा मीटरच्या आत-बाहेर. पण माझ्या मते निकाल आकाराने लागत नाही. शार्कला उलटं केलं की तो बधिर होतो, हे कुण्या एका ऑर्काला समजलं आणि त्याने ते दुसऱ्याला दाखवलं. शार्कला कुणी काही दाखवत नाही.

मी ऑर्का पहिल्यांदा पाहिले ते कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला, व्हँकुव्हरकडे जाताना हुआन दे फुका सामुद्रधुनीत. पहाटेची वॉच होती. पाणी शिशासारखं सपाट. आधी आवाज आला, कुकरची शिट्टी सुटायच्या आधी जशी फुस्स करते तसा, पण खोल. मग एक पर वर आला, माणसाएवढा उंच. त्याच्यामागे दोन छोटे, वाकडे. आणि त्यांच्या मधे अगदी लहानसा एक, त्याचा पांढरा भाग पांढरा नव्हता, नारिंगी झाक असलेला. पायलटने, म्हणजे बंदरापर्यंत जहाजाला वाट दाखवणाऱ्या स्थानिक माणसाने सांगितलं, बाळांचा रंग तसाच असतो. दहा-बारा मिनिटं ते आमच्या समांतर चालले. त्या बाळाला त्यांनी एकदाही कडेला येऊ दिलं नाही, सतत मधे.

---

खाडीकाठची_आई

जहाजीकाका, हे मी तिला वाचून दाखवलं. "सतत मधे" ऐकून तिने मला पुन्हा वाचायला लावलं.

तिने आणखी विचारलंय: मग तो उंच परवाला कोण? बाळाचे बाबा का? कारण तिने चित्रात बाळाशेजारी उंच सरळ परच काढलाय आणि त्याला आई म्हटलंय.

---

निवृत्त_प्राणिशास्त्र

फार मोलाचा प्रश्न. पूर्ण वाढलेल्या नराचा पर १.८ मीटरपर्यंत उंच आणि सरळ असतो. मादीचा त्याच्या निम्म्याच्या आसपास आणि मागे वळलेला. म्हणजे चित्रातली 'आई' नर आहे. बाबा की कोण, ते जहाजीसाहेबांनी सांगावं, त्यांनी प्रत्यक्ष पाहिलंय.

---

जहाजी_सीवूड्स

बाबा नव्हे. बहुतेक मामा, नाहीतर मोठा भाऊ.

पायलटने सांगितलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं, मग घरी येऊन खूप वाचलं. त्या किनाऱ्यावर सामन मासे खाऊन राहणारी जी ऑर्काची कुळं आहेत, त्यांत कुटुंब आईचं असतं. मुलगी आईजवळ राहते, आणि मुलगाही जन्मभर आईजवळच राहतो. मीलनासाठी तो दुसऱ्या कुटुंबाला भेटतो आणि परत येतो. त्याची पोरं त्या दुसऱ्या कुटुंबात वाढतात. म्हणजे प्रत्येक ऑर्का आपल्या आजोळी जन्मतो आणि आजोळीच म्हातारा होतो. आजी, आई, मावश्या, मामा, मावसभावंडं. बाबा कुठेतरी स्वतःच्या आईबरोबर.

आजी तर त्या घराचा कणा. माद्यांची पिल्लं होणं साधारण चाळिशीत थांबतं, पण त्या पुढे कित्येक वर्षं जगतात, काही ऐंशीच्या घरात जातात. पाळी गेल्यावर इतकं जगणं माणसाखेरीज फार थोड्या प्राण्यांत आहे. ज्या वर्षी सामन कमी असतात त्या वर्षी या म्हाताऱ्याच पुढे पोहतात, कारण मासे कुठे मिळतील ते त्यांना आठवत असतं. पकडलेला मासा त्या तोडून मुलांना देतात, तीस वर्षांच्या घोडमुलांनासुद्धा. २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिशी ओलांडलेल्या नराची आई मेली, तर पुढच्या वर्षभरात तो मरण्याची शक्यता १४ पटींनी वाढते, असं त्यात दिसलं.

मी स्वतः वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर असायचो. माझी मुलगी पनवेलला माझ्या सासूबाईंकडे वाढली, तिच्या मामाने तिला सायकल शिकवली. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होतो.

---

घोडबंदर_रोड

काका, हे वाचून गलबलून आलं.

भाषेबद्दल जोडतो. प्रत्येक ऑर्का कुटुंबाचे हाकांचे आवाज वेगळे असतात, आपल्याकडे मालवणी, आगरी, वऱ्हाडी असावी तसे. पिल्लू ते आईकडून शिकतं. आणि जेवणही घराण्याचं असतं. सामन खाणारी कुळं सील खात नाहीत, आणि त्याच पाण्यात सील खाणारी दुसरी कुळं आहेत ती सामनला तोंड लावत नाहीत. अंटार्क्टिकात काही ऑर्का रांगेने पोहत येऊन लाट उठवतात आणि बर्फाच्या तुकड्यावर बसलेला सील पाण्यात पाडतात. अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर ते सी-लायनच्या पिल्लासाठी मुद्दाम वाळूवर चढतात आणि परत पाण्यात घसरतात. नॉर्वेत हेरिंगच्या थव्याला घेरून शेपटीचे फटके मारतात. हे सगळं एका पिढीकडून दुसरीकडे.

---

नवी_सदस्य_कळवा

माफ करा, सगळे ऑर्काचंच कौतुक करताहेत. बिचाऱ्या शार्ककडे काहीच नाही का?

---

निवृत्त_प्राणिशास्त्र

आहे, भरपूर आहे. बरं झालं विचारलंत.

ऑर्का कानाने जगतो. टकटक असे आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ओळखतो. पण त्याला वास जवळजवळ येतच नाही, दात असलेल्या व्हेलच्या मेंदूत वासाचा भागच उरलेला नाही. शार्कचं नाक विलक्षण आहे. आणि त्याहून मोठी देणगी म्हणजे त्याच्या थोबाडावरची बारीक छिद्रं, आत जेलीने भरलेल्या नळ्या. त्यांना लोरेंझिनीच्या कुप्या म्हणतात. माशाचं हृदय धडधडतं, कल्ले हलतात, तेव्हा पाण्यात अतिशय क्षीण वीज उमटते. वाळूत गाडून बसलेला मासा शार्कला त्या विजेवरून कळतो. आम्ही प्रॅक्टिकलला स्कॉलिओडॉनच्या तोंडातून या कुप्या काढून स्लाइडवर ठेवायचो. मुलांना वाटायचं नुसता चिकट पदार्थ आहे. मी त्यांना सांगायचो, जपून धरा, ही सहावी जाणीव आहे.

दातही. ऑर्काला एकदाच दात येतात, चाळीस ते छप्पन्न, शंकूसारखे, आणि ते झिजले की झिजले. शार्कचे दात आयुष्यभर पडत राहतात, मागची रांग पुढे येते.

आणि शार्कचं पिल्लू एकटं असतं याची कीव करू नये असं मला वाटतं. ते पूर्ण तयार होऊन येतं. पहिल्या दिवसापासून शिकार करायची, पळायची, वीज ओळखायची, सगळं त्याच्या अंगात असतं. ऑर्काची आई दीड वर्ष पोटात वाढवते, दोन मीटरहून मोठं बाळ एकच होतं, वर्ष-दोन वर्षं दूध पाजते आणि तरीही त्याला बरंचसं शिकवायचं राहतं. दोन्ही रीती कोट्यवधी वर्षं टिकल्या आहेत. ग्रीनलंड शार्कचं वय तर किमान २७२ वर्षं भरतं असं २०१६ मध्ये डोळ्यातल्या भिंगावरून काढलं गेलं. म्हणजे पेशवाईत जन्मलेला एखादा आजही पोहत असेल.

---

पामबीच_धावपटू

माणसाला दोघांपासून धोका किती? मध्यंतरी पालघरची बातमी वाचल्यापासून घरचे घाबरलेत.

---

चेंदणीची_कोळीण

मनोरची ना, फेब्रुवारी २०२४ ची. वैतरणेच्या पात्रात एका माणसाच्या पायाला मुशीने चावा घेतला. काही जातींच्या मुशी भरतीबरोबर नदीत वर येतात, गोड्या पाण्यातही राहतात, बुल शार्क त्यांतली. पण आमच्या घरात तीन पिढ्या जाळ्यात आहेत. डोलीच्या जाळ्यात सापडलेली मुशी सोडवताना बोट फाटलं असेल, पाण्यात उतरलेल्याला मुशीने धरल्याचं मी घरात कधी ऐकलं नाही.

---

घोडबंदर_रोड

मोकळ्या समुद्रात ऑर्काने माणसाला मारल्याची एकही नोंद नाही. बंदिस्त तलावात ठेवलेल्या ऑर्कांनी मात्र माणसं मारली आहेत. ज्याला रोज कित्येक किलोमीटर पोहायचं असतं, ज्याला आजी-मामा लागतात, त्याला हौदात कोंडल्यावर काय होणार? तिथल्या नरांचा तो उंच पर एका बाजूला लोळलेला असतो. २०२० पासून स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्याला काही ऑर्का शिडाच्या बोटींची सुकाणू मोडताहेत, काही बोटी बुडाल्याही. तिथेही माणसाला इजा केलेली नाही.

---

नवी_सदस्य_कळवा

मग 'किलर' नाव का पडलं? आणि मराठीत काय म्हणायचं? मारेकरी देवमासा अजिबात आवडत नाही.

---

निवृत्त_प्राणिशास्त्र

कळपाने मोठ्या व्हेलची शिकार करतात, ते पाहून जुन्या खलाशांनी नाव दिलं. मराठीत 'ऑर्का'च म्हणावं, लहान आहे आणि उच्चाराला सोपं. देवमासा म्हटलं की दोन घोटाळे होतात. एक तर तो मासा नाही. शिवाय व्हेल शार्कलाही आपले लोक देवमासाच म्हणतात, आणि तो खरोखर शार्क आहे, जगातला सगळ्यात मोठा मासा, बारीक जीव गाळून खाणारा, माणसाला निरुपद्रवी. ज्याच्या नावात व्हेल आहे तो डॉल्फिन, आणि दुसऱ्या ज्याच्या नावात व्हेल आहे तो शार्क. आजोबांचा गोंधळ झाला यात त्यांचा फार दोष नाही.

---

चेंदणीची_कोळीण

व्हेल शार्क २००१ पासून संरक्षित आहे, मारला तर गुन्हा. जाळ्यात असा जीव आला तर जाळं कापून सोडायचा. डिसेंबर २०१८ पासून आपलं सरकार फाटलेल्या जाळ्याचे २५ हजारांपर्यंत देतं. जाळं म्हणजे आमचं पोट, तरीही लोक कापतात. डॉल्फिन सुटून गेला की मागे वळून बघतो असं माझा दीर सांगतो.

---

जहाजी_सीवूड्स

जाता जाता लेकीसाठी एक, वाचून दाखवायचं की नाही ते ताई तुम्ही ठरवा. २०१८ साली त्याच कॅनडा-अमेरिकेच्या किनाऱ्यावर जे-३५ क्रमांकाच्या मादीचं बाळ जन्मल्यावर थोड्याच वेळात गेलं. तिने ते १७ दिवस डोक्यावर, नाकावर धरून ठेवलं. बुडालं की खाली जाऊन परत वर आणायची. त्या कुळात आज पंचाहत्तरच्या आसपासच जीव उरलेत. सामन कमी झाले, जहाजांचा आवाज वाढला, आणि कारखान्यांची पीसीबी नावाची जुनी विषं त्यांच्या चरबीत साठतात. ती विषं आईच्या दुधातून पहिल्या बाळाला सगळ्यात जास्त जातात. त्या जहाजांच्या आवाजात माझ्या जहाजाचाही आवाज होता.

शार्कचंही बरं चाललेलं नाही. १९७० पासून मोकळ्या समुद्रातले शार्क आणि पाकट ७१ टक्क्यांनी घटलेत.

---

खाडीकाठची_आई

उशिरा उत्तर देतेय, क्षमा करा. जे-३५ ची गोष्ट मी आधी एकटीने वाचली आणि मग दोन दिवसांनी तिला सांगितली. ती रडली, पण सांगितलं ते बरं केलं असं वाटतं.

शनिवारी तिला घेऊन पहाटे दिवाळे कोळीवाड्यात गेलो. एका मावशींच्या पाटीत तीन छोट्या मुशी होत्या. मावशींनी तिला हात लावू दिला. तिने शेपटी उभी धरून बघितली, एका बाजूचे कल्ले मोजले, पाच. मग पाठीवरून सरळ हात फिरवला, मग उलटा, आणि माझ्याकडे बघून "पॉलिश पेपर" म्हणाली. थोबाडावरची छिद्रंही सापडली, सर, ती तिने सगळ्यात जास्त वेळ बघितली.

संध्याकाळी ती स्वतःहून परीक्षक आजोबांकडे गेली, मी दाराशी थांबले. तिने चित्र पुढे ठेवून शेपटीचं, फवाऱ्याचं, पिल्लाचं सगळं सांगितलं, घोड्याच्या धावण्यासकट. आजोबांनी चष्मा लावून पूर्ण ऐकलं. म्हणाले, "मग माझ्या तिन्ही चुका झाल्या की गं." तिने सांगितलं, "नाही, माझीपण एक झालीये," आणि त्यांच्याच पेन्सिलीने बाळाच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक ऑर्का काढला, छोट्या वळलेल्या पराचा. तिच्या पोटाखाली 'आई' लिहिलं. आणि त्या उंच सरळ परवाल्याच्या खाली आधीचं 'आई' खोडून 'मामा' लिहिलं.

चित्र आता आजोबांच्या दारावर लावलंय. तिने आज मला विचारलंय की आजी कुठे काढायची, पुढे की मागे. जहाजीकाका, पुढेच ना?

---

जहाजी_सीवूड्स

पुढे. सगळ्यांच्या पुढे.